पोलेमोस: युद्धासाठीच्या ग्रीक शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलेमोस म्हणजे ‘युद्ध’च ना? मग एवढे प्रश्न कशाला?

कोशात पहिला अर्थ ‘युद्ध’ हाच मिळेल. पण मराठीत आपण ‘युद्ध’ हा शब्द सढळ हाताने वापरतो. पानिपतचंही युद्ध म्हणतो आणि दुसरंही महायुद्धच. इ.स.पू. ५व्या शतकातल्या अथेन्सकराने इथे दोन शब्द वापरले असते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं ती त्याच्या लेखी ‘माखे’, म्हणजे लढाई. पोलेमोस म्हणजे दोन राज्यांमधली वैराची अवस्था. ती सुरू होते, मोसमामागून मोसम चालते, हिवाळ्यात थंडावते आणि तहाने मिटते. एका पोलेमोसमध्ये वीस माखे होऊ शकतात, आणि महिनोन्महिने एकही माखे न होता पोलेमोस चालू राहू शकतो.

मराठीत लिंगंही सोयीची आहेत. माखे स्त्रीलिंगी, लढाईही स्त्रीलिंगी. पोलेमोस मात्र पुल्लिंगी आणि युद्ध नपुंसकलिंगी. ही शेवटची विसंगती पुढे हेराक्लिटस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या वाक्यात चांगलीच अडचण करते.

उच्चार कसा करायचा?

तीन अक्षरं: पो-ले-मोस. तिन्ही स्वर ऱ्हस्व. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ आपण लांबवतो, तसे लांबवू नका. पहिल्या अक्षरावर सूर चढतो. इंग्रजीसारखा दाब द्यायचा नाही, पाणिनी ज्याला उदात्त म्हणतो त्या जातीचा चढा सूर द्यायचा.

एका बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. प्राचीन ग्रीकमध्ये ख, थ, फ हे खरेच महाप्राण होते. ‘माखे’तला ख, ‘एख्थ्रोस’ (वैरी) मधला थ आपल्या तोंडात आयते बसतात, युरोपातले विद्यार्थी त्यासाठी वर्षभर धडपडतात.

हा शब्द चालवायचा कसा?

संस्कृतातला ‘देव’ डोळ्यांसमोर ठेवा. अकारान्त पुल्लिंगी, देवः च्या जागी -ओस, देवम् च्या जागी -ओन. एकवचन: प्रथमा पोलेमोस, द्वितीया पोलेमोन, षष्ठी पोलेमू, चतुर्थी पोलेमोइ, संबोधन पोलेमे. अनेकवचन: प्रथमा पोलेमोइ, द्वितीया पोलेमूस, षष्ठी पोलेमोन, चतुर्थी पोलेमोइस. विभक्ती पाचच. पंचमीचं काम षष्ठीने अंगावर घेतलं, तृतीया आणि सप्तमीचं चतुर्थीने. त्यामुळे ‘युद्धात’, ‘युद्धाने’ आणि ‘युद्धाला’ हे तिन्ही एकाच रूपातून काढावे लागतात.

वरच्या यादीत ‘पोलेमोन’ आणि ‘पोलेमोइ’ दोनदा आले आहेत, ती चूक नाही. ग्रीकमध्ये ऱ्हस्व ओ (ओमिक्रोन) आणि दीर्घ ओ (ओमेगा) ही वेगळी अक्षरं आहेत, देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा. द्वितीया एकवचनातला शेवटचा ओ ऱ्हस्व, षष्ठी अनेकवचनातला दीर्घ. देवनागरीत टिपणं काढून ग्रीक शिकणारे नेमके इथे अडकतात. लिपीत २४ अक्षरं आहेत, आठवड्याभरात येतात. ती आधी शिका.

सुराचंही एक गणित आहे. शेवटचा स्वर ऱ्हस्व असेल तर सूर शेवटून तिसऱ्या अक्षरापर्यंत मागे जाऊ शकतो, म्हणून पोलेमोस. शेवट दीर्घ झाला की सूर एक घर पुढे सरकतो: पोलेमू, पोलेमोइस. प्रथमा अनेकवचन मात्र पोलेमोइ, कारण शब्दाच्या अगदी टोकाला आलेला -ओइ सुरासाठी ऱ्हस्व धरतात. त्याच्यामागे स लागला की ती सवलत संपते.

वाचताना ‘पोलेमो’ भेटलं. कोशात नाम बघू की क्रियापद?

सूर बघा. तो शेवटच्या अक्षरावर असेल (छापील ग्रंथात लाटेसारखं चिन्ह), तर ते पोलेमेओ या क्रियापदाचं आकुंचित रूप आहे: ‘मी युद्ध करतो’. मधल्या अक्षरावर असेल आणि ओमेगाखाली बारीक इओटा (‘इ’चं अक्षर) असेल, तर नामाची चतुर्थी. इओटा नसेल, तर द्विवचन, पण या शब्दाचं द्विवचन प्रत्यक्षात भेटणं फार दुर्मीळ. तसंच ‘एपोलेमून’ हे अपूर्ण भूतकाळाचं रूप ‘मी युद्ध करत होतो’ आणि ‘ते युद्ध करत होते’ या दोन्हींसाठी एकच. तिथे सूर मदत करत नाही, कर्ता शोधावा लागतो.

क्रियापद वापरताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

दोन ठिकाणी, आणि दोन्हींवरचा उतारा आपल्याच घरात आहे.

पहिली चूक ‘बरोबर’ची. ‘मराठे निजामाबरोबर लढले’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात: त्याच्याशी लढले, किंवा त्याच्या बाजूने लढले. ग्रीकमध्ये ही संदिग्धता नाही. ज्याच्याशी लढायचं तो चतुर्थीत येतो, किंवा ‘प्रोस’ + द्वितीया. ज्याच्या साथीने लढायचं तो ‘मेता’ + षष्ठीत. ‘मेता’चा कोशातला अर्थ ‘बरोबर’ पाहून विद्यार्थी मित्रालाच शत्रू करून टाकतात. भाषांतरात ‘बरोबर’ हा शब्दच टाळा. ‘-शी’ किंवा ‘-च्या बाजूने’ लिहा.

दुसरी चूक ‘पोलेमोन पोइएइन’ आणि ‘पोलेमोन पोइएइस्थाइ’ यांतली. शब्दशः दोन्हींचा अर्थ ‘युद्ध करणे’. पण पहिलं परस्मैपद, दुसरं आत्मनेपद. संस्कृतात यजति आणि यजते यांत जो भेद वैयाकरण सांगतात (फळ दुसऱ्याला की स्वतःला) तोच इथे जिवंत आहे. आत्मनेपदात: स्वतः युद्धात उतरणे, युद्ध चालवणे. परस्मैपदात: युद्ध घडवून आणणे, पेटवून देणे. तहाचंही तसंच. ‘एइरेनेन पोइएइस्थाइ’ म्हणजे आपण तह करणे, ‘पोइएइन’ म्हणजे दुसऱ्यांमध्ये तह घडवून आणणे. हा फरक सुटला तर मध्यस्थ आणि लढवय्या यांची अदलाबदल होते.

‘पोलेमेइस्थाइ’ हे कर्मणी रूपही लक्षात ठेवा: ‘आपल्यावर कोणीतरी युद्ध करत आहे’. क्रियापद चतुर्थी घेत असूनही त्याचं कर्मणी होतं. संस्कृताच्या सवयीने हे खटकतं, ग्रीकला चालतं.

स्तासिस म्हणजे काय? तेही युद्धच ना?

स्तासिस म्हणजे एकाच नगरातले दोन गट एकमेकांवर उठणं: यादवी. इतिहासकार हेरोडोटस आपल्या इतिहासाच्या आठव्या ग्रंथाच्या सुरुवातीला म्हणतो की, एकदिलाने केलेल्या पोलेमोसपेक्षा आपसातली स्तासिस तितकीच वाईट, जितका शांततेपेक्षा पोलेमोस वाईट.

आता नेहमीचा गोंधळ. प्लेटो ‘रिपब्लिक’च्या पाचव्या ग्रंथात लिहितो की ग्रीक आणि परके लढले तर पोलेमोस, ग्रीक-ग्रीक लढले तर स्तासिस. हे वाक्य उचलून बरेच जण शब्दाची व्याख्या म्हणून देतात. ती व्याख्या नाही, आग्रह आहे. सगळे ग्रीक एक कुटुंब, म्हणून आपसात लढताना त्यांनी घरं जाळू नयेत, शेतं उजाड करू नयेत, हे त्याला पटवायचं आहे. प्रत्यक्ष वापर बघायचा तर इतिहासकार थ्युसिडिडीस उघडा. अथेन्स आणि स्पार्टा दोघेही ग्रीक, पण पहिल्याच वाक्यात तो त्यांच्या झुंजीला बिनदिक्कत पोलेमोस म्हणतो. स्तासिस हा शब्द तो कॉर्किरा बेटावरच्या आपसातल्या कत्तलीसारख्या प्रसंगांसाठी राखून ठेवतो. तत्त्वज्ञाला कोशकार समजू नये.

शत्रूला पोलेमिओस म्हणायचं की एख्थ्रोस?

युद्धातला शत्रू पोलेमिओस. ज्याचा तुम्ही द्वेष करता, जो तुमच्यावर खटले भरतो, तो एख्थ्रोस. समोरच्या फळीतला अनोळखी सैनिक पोलेमिओस असतो, त्याच्याविषयी मनात काही नसलं तरी. अथेन्सच्या न्यायालयांतली भाषणं एख्थ्रोसने भरलेली आहेत. मराठीत ‘शत्रू’ आणि ‘वैरी’ अशी वाटणी करून चालते, फक्त संपूर्ण भाषांतरात ती एकसारखी पाळा.

होमरमध्ये अर्थ वेगळा लागतो, तो का?

कारण वर सांगितलेली वाटणी नंतरच्या काळातली आहे. ‘इलियड’मध्ये पोलेमोस बहुतेक वेळा ‘रणधुमाळी’, ‘चालू लढाई’ असाच असतो. वीर ‘पोलेमोन्दे’ जातात, म्हणजे लढाईकडे, रणाकडे. शेवटचं -दे दिशा दाखवतं. अगामेम्नॉन अखिलीसला सुनावतो की तुला सदा कलह, ‘पोलेमोइ ते माखाइ ते’ प्रिय. तिथे दोन शब्दांत युद्ध आणि लढाई असा फरक शोधत बसू नका. ‘मारामाऱ्या नि लढाया’ अशी जोडी आहे ती.

होमरची दोन रूपं नवख्यांना अडवतात. षष्ठीचं ‘पोलेमोइओ’ हे पोलेमूचं जुनं रूप. त्याचा शेवट आणि ‘देवस्य’चा शेवट मुळात एकच. आणि ‘प्तोलेमोस’. अर्थात काडीचा फरक नाही, पण वृत्तात मोठा आहे. जोडाक्षरापूर्वीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं हा नियम मराठी-संस्कृत वृत्तांसारखाच होमरच्या षट्पदीतही चालतो. आधीचं अक्षर गुरू हवं असलं की प्तोलेमोस, लघू ठेवायचं असलं की पोलेमोस. दोन्ही रूपं कवीच्या हाताशी तयार असायची.

सर्वांत गाजलेली ओळ सहाव्या सर्गात आहे. ट्रॉयचा वीर हेक्टर बायको आंद्रोमाखेला सांगतो: तू माग आणि चाती बघ, ‘पोलेमोस द’आंद्रेस्सी मेलेसेइ’, युद्धाचं पुरुष बघतील. इ.स.पू. ४११ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘लिसिस्ट्राटा’ या विनोदी नाटकात एका नवऱ्याच्या तोंडी हीच ओळ येते, आणि थोड्याच वेळात बायका एक शब्द बदलून ती परत करतात: युद्धाचं बायका बघतील.

ग्रीक लोक युद्धांना नावं कशी द्यायचे?

शत्रूच्या नावाने, म्हणजे नाव ऐकलं की बोलणारा कोणत्या बाजूचा ते कळतं. इ.स.पू. ४३१ ते ४०४ च्या युद्धाला आपण पेलोपोनेशियन युद्ध म्हणतो, हा अथेन्सच्या बाजूचा दृष्टिकोन. पलीकडून पाहिलं तर तेच ‘आत्तिकोस पोलेमोस’, अथेन्सवाल्यांशी झालेलं युद्ध. थ्युसिडिडीस स्वतः सुरुवातीला दोघांची नावं घेतो: ‘पेलोपोनेशियनांचा आणि अथेनियनांचा पोलेमोस’.

कित्येकदा पोलेमोस हा शब्द येतच नाही. पर्शियाशी झालेल्या युद्धांना ‘ता मेदिका’ म्हणत, म्हणजे ‘मीड लोकांचं ते सगळं’ (पर्शियनांना ग्रीक मीड म्हणत). ट्रॉयच्या युद्धाला ‘ता त्रोइका’. नुसतं नपुंसकलिंगी अनेकवचनी विशेषण, युद्ध हा शब्द अध्याहृत. भाषांतरात ‘मेदिक गोष्टी’ असं लिहू नका.

एक पोलेमोस कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो?

यावर तेव्हाही वाद होता. इ.स.पू. ४२१ मध्ये निकियासचा तह झाला आणि काही वर्षं अथेन्स-स्पार्टा एकमेकांच्या प्रदेशात शिरले नाहीत. थ्युसिडिडीस पाचव्या ग्रंथात ठासून सांगतो की हा मधला काळ पोलेमोसमध्ये न धरणारा चुकतो आहे: तहातल्या जागा ना पूर्ण परत दिल्या गेल्या ना मिळाल्या, मोडतोड दोन्हीकडून चालूच होती. म्हणून त्याच्या हिशेबी सलग २७ वर्षांचा एकच पोलेमोस.

याच संदर्भात ‘आकेरिक्तोस पोलेमोस’ भेटेल. केरिक्स म्हणजे दूत; ज्या युद्धात दूताची ये-जाच नाही ते आकेरिक्तोस. प्रसंगानुसार याचे दोन अर्थ: जाहीर न केलेलं युद्ध, किंवा बोलणी पूर्ण तुटलेलं, हाडवैराचं युद्ध. प्लेटोच्या ‘लॉज’ (कायदे) या संवादात क्रीटचा क्लेइनियास म्हणतो की शांतता हे नुसतं नाव आहे, प्रत्येक नगराचं प्रत्येक नगराशी निसर्गतःच आकेरिक्तोस पोलेमोस चालू असतं. तिथे पहिला अर्थ घ्यायचा.

‘युद्ध हा सर्व गोष्टींचा पिता’ हे हेराक्लिटसचं वाक्य बरोबर आहे का?

अर्धंच आहे, आणि त्या अर्ध्यातही घोळ आहे. फ्रॅगमेंट ५३ (त्याच्या उरलेल्या लेखनातला ५३वा तुकडा) असं सुरू होतं: ‘पोलेमोस पान्तोन मेन पातेर एस्ती, पान्तोन दे बासिलेउस’. पोलेमोस सर्वांचा पिता आहे, सर्वांचा राजा आहे. ‘पान्तोन’ हे षष्ठी अनेकवचन पुल्लिंगात आणि नपुंसकात सारखंच, म्हणून ‘सर्व जणांचा’ आणि ‘सर्व गोष्टींचा’ दोन्ही होऊ शकतं. पण पुढचा भाग, जो पोस्टरवर कधीच नसतो, तो म्हणतो: त्याने काहींना देव म्हणून दाखवलं, काहींना माणसं म्हणून, काहींना गुलाम केलं, काहींना मुक्त. हे वाचल्यावर ‘सर्वांचा’ हेच सरस वाटतं. शिवाय होमरमध्ये ‘देवांचा आणि माणसांचा पिता’ हे झ्यूसचं बिरुद आहे. हेराक्लिटसने झ्यूसची गादी पोलेमोसला दिली आहे, आणि ‘गोष्टींचा’ म्हटलं की ही खोड दिसेनाशी होते.

क्रियापदंही दोन आहेत, ‘दाखवलं’ आणि ‘केलं’. दोन्हीकडे ‘केलं’ लिहू नका.

मराठीत ‘युद्ध सर्वांचा पिता आहे’ वाचताना जीभ अडखळते. पर्याय दोन: पुल्लिंगी ‘संग्राम’ घ्या, किंवा पोलेमोस तसाच ठेवा. दुसरा चांगला, कारण इथे तो जवळजवळ विशेषनाम आहे.

पोलेमोस नावाचा देव होता का?

युद्धाचा देव आरेस. पोलेमोस हे कवींनी उभं केलेलं पात्र. कवी पिंडार रणगर्जनेला, म्हणजे अलालाला, पोलेमोसची मुलगी म्हणतो. सर्वांत रसरशीत पोलेमोस मात्र इ.स.पू. ४२१ च्या ‘शांती’ या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकात आहे, निकियासच्या तहाच्या अगदी तोंडावर रंगमंचावर आलेल्या. पोलेमोस एक अवाढव्य खल घेऊन येतो आणि त्यात एकेक नगर त्याच्या पिकासकट टाकतो. प्रासिआइ (नावातच लीकच्या पातीवर कोटी), मग लसणासाठी प्रसिद्ध मेगारा, मग सिसिलीचं चीज, वर अथेन्सकडचा मध. लसणीचा ठेचाच घालायला बसला आहे म्हणा ना! पण बत्ता नाही. नोकर कुदोइमोस (गदारोळ) अथेन्सला धावतो: तिथला बत्ता हरवलेला. स्पार्टाला जातो: त्यांनीही उसना दिलेला बत्ता थ्रेसमध्ये घालवलेला. हे दोन बत्ते म्हणजे अथेन्सचा क्लिऑन आणि स्पार्टाचा ब्रासिडास हे सेनापती, दोघेही आदल्या वर्षी अँफिपोलिसच्या लढाईत पडलेले. कुटायला काही नाही म्हणून पोलेमोस नवा बत्ता करायला आत जातो, आणि तेवढ्या फुरसतीत शांतीला गुहेतून ओढून काढलं जातं.

इथे पोलेमोस मोठ्या अक्षराने छापतात, तो संपादकांचा निर्णय. प्राचीन हस्तलिखितांत मोठी-लहान अक्षरं असा भेद नव्हता.

‘पोलिस’ म्हणजे नगर, त्यावरूनच पोलेमोस आला का?

नाही. दोघांनाही होमरमध्ये प्त- ची जोड रूपं आहेत (प्तोलिस, प्तोलेमोस), म्हणून फसगत होते. पोलेमोसचा संबंध सहसा ‘पेलेमिझो’, म्हणजे हलवणे, थरथरवणे, या क्रियापदाशी जोडतात.

पोलेमार्खोस कोण?

अथेन्सच्या नऊ आर्खोनांपैकी (मुख्य अधिकाऱ्यांपैकी) एक, नावाप्रमाणे मुळात सेनापती. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला कालिमाखोस हा पोलेमार्खोस पडला. पुढे आर्खोन चिठ्ठ्या टाकून निवडायला लागले आणि सैन्य स्ट्रॅटेगोसांकडे (सेनापतींकडे) गेलं; पोलेमार्खोसकडे आर्टेमिसचे यज्ञ, युद्धात मेलेल्यांचे स्मृतिखेळ आणि परदेशी रहिवाशांचे खटले उरले. स्पार्टात मात्र तो खराच सेनाधिकारी राहिला, एका ‘मोरा’चा (सैन्याच्या तुकडीचा) प्रमुख. सरसकट ‘सेनापती’ लिहिण्याआधी नगर आणि साल तपासा.

टॉलेमी या नावात हाच शब्द आहे?

हो. प्तोलेमाइओस हे प्तोलेमोसवरून. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजांच्या यादीत येणारा तुरमय किंवा तुलमय म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी. हा ग्रीक शब्द इ.स.पू. ३ऱ्या शतकातच भारतात दगडावर कोरला गेला.

मराठी वाचकासाठी त्याहून गमतीची नोंद इ.स. २ऱ्या शतकातल्या भूगोलकार टॉलेमीची. तो लिहितो की ‘बैथाना’ ही ‘सिरोपोलेमाइओस’ची राजधानी. बैथाना म्हणजे पैठण, आणि हा राजा म्हणजे सातवाहन श्री पुळुमावी. पुळुमावी या नावाचा ग्रीक युद्धाशी काही संबंध नाही. ग्रीक कानाला जे ओळखीचं वाटलं त्या साच्यात ते बसवलं गेलं. हस्तलिखितांत काही ठिकाणी चक्क ‘प्तोलेमाइओस’ आहे, म्हणजे पैठणचा राजा लेखकाचाच नामबंधू!

आज हा शब्द कुठे भेटतो?

आधुनिक ग्रीकमध्ये युद्धाला अजूनही पोलेमोसच म्हणतात. पोलेमिकोस (युद्धाचा, लढाऊ) या विशेषणातून फ्रेंचमार्गे ‘पोलेमिक’ आला, आता शाब्दिक हल्ल्यासाठी. आपल्याकडचं खंडनमंडन त्याला जवळचं, पण पोलेमिकमध्ये खंडनच जास्त. १९४५ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गास्तों बुथूल यांनी युद्धाच्या शास्त्राला ‘पोलेमोलॉजी’ हे नाव दिलं.

अंगठीवर किंवा दंडावर हा शब्द कोरून घ्यायचा आहे. काय बघावं?

लहान अक्षरांत लिहिणार असाल तर शेवटचा सिग्मा (‘स’चं अक्षर) वेगळ्या आकाराचा असतो, शेपटीवाला. मधलाच सिग्मा शेवटी वापरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पहिल्या ओमिक्रोनवर सुराचं चिन्ह हवं. मोठ्या अक्षरांत लिहिलंत तर दोन्ही कटकटी संपतात: शिलालेखांसारखी सात अक्षरं, चिन्ह नाही. पिंडारची ‘ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना पोलेमोस गोड’ ही ओळ हवी असेल, तर विशेषण ‘ग्लिकी’ असं नपुंसकलिंगीच ठेवा. पोलेमोस पुल्लिंगी आहे म्हणून कोणी ते ‘ग्लिकिस’ असं दुरुस्त करून देऊ लागला तर करू देऊ नका; पिंडारला ‘गोड चीज आहे ती’ असंच म्हणायचं आहे.